मंत्र पुन्हा जागवावा काय?

दिवाळीची अमावास्या ही दोन तोंडांची रात्र आहे. एका तोंडाने ती लक्ष्मीला घरात बोलावते. अंगणात सडा पडतो, उंबऱ्याशी रांगोळी निघते, नव्या केरसुणीला हळदकुंकू लागते, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य होतो आणि पोरांच्या हातात फुलबाज्या येतात. दुसऱ्या तोंडाने तीच रात्र मंत्रवाल्यांना हाक मारते. ज्याला विंचवाचा किंवा सापाचा मंत्र येतो, त्याने या रात्री किंवा ग्रहण लागले असता तो जपून घ्यावा, नाहीतर मंत्र मरतो, असा आमच्याकडे जुना समज आहे. याला मंत्र जागवणे म्हणतात. एकाच गावात, एकाच काळोखात, कोणाच्या घरी पणत्या जागतात, तर कोणाच्या घरी मंत्र जागतो.

माझ्या लहानपणी आमच्या घरात दोन्ही जागत असत. परभणीहून मनमाडकडे गाडी निघाली की पेडगावचे स्टेशन लागते. ते माझे गाव. आमच्या घरी वडिलांची थोरली बहीण राहत असे. तरुणपणीच कपाळ पांढरे झाल्यावर ती माहेरी आली, ती आमचीच झाली. येताना तिने सासरहून दोनच गोष्टी आणल्या होत्या: एक पितळी तांब्या आणि सासऱ्याने दिलेला विंचवाचा मंत्र. तांब्या घरातल्या कोणीही घ्यावा. मंत्र मात्र तिचा एकटीचा.

त्या मंत्राला नेम होते. पैसा घ्यायचा नाही. रात्री-अपरात्री कोणी दार वाजवले, तर हातातला घास ताटात टाकून उठायचे. वैऱ्याचे लेकरू असले तरी नाही म्हणायचे नाही. हे नेम आत्याने अक्षरशः पाळले. बांधाच्या भांडणावरून ज्या घराशी आमचे पाण्याचे पेले बंद होते, त्या घरची सूनही मध्यरात्री आमच्या दारात बसून उतारा घेऊन गेलेली मी पाहिली आहे. वडील पाठ फिरवून झोपले होते. आत्या तिच्या पायाशी बसून पुटपुटत होती.

आणि गुण येत असे. हे कबूल केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. कण्हत आलेला माणूस तासा-दोन तासांनी उठून आपल्या पायांनी घरी जाई. त्याचे कारण मला फार उशिरा कळले. शिवारात दिसणारी मोठी काळी इंगळी पाहायला भयंकर, पण तिच्या डंखाने माणूस सहसा मरत नाही. ठणका उठतो, जीव नकोसा होतो आणि काही तासांनी दुखणे आपोआप बसते. तेवढा वेळ कोणी धीराचे माणूस हात धरून बसले, तर ते दुखणे सोसवते. वेळ आपले काम करतो आणि यश मंत्राला मिळते. घातकी असतो तो लहानसा तांबडा विंचू. आणि त्यातही तो लहान मुलाला चावला तर.

२०११ सालच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. घराची झाडलोट चालली होती. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. पडवीतले जुने पोते उचलताना त्याच्या बोटाला विंचू चावला. पोराने किंकाळी फोडली. आत्या हातातला केर टाकून धावली. तिने त्याला पुढ्यात घेतले, खांद्यापासून बोटापर्यंत हात उतरवीत ती मंत्र म्हणू लागली. मी तिथेच उभा होतो.

अर्ध्या-पाऊण तासाने मुलाचे रडणे थांबले. त्याला दरदरून घाम सुटला. आत्याच्या चेहऱ्यावर समाधान आले. ती म्हणाली, "घाम फुटला रे बाबा. इख उतरलं." मग त्याला ओकारी झाली. ती म्हणाली, "पडू दे, बाहेर पडू दे." हातपाय गार पडले तेव्हा तिने त्याला घोंगडीत गुंडाळले. असे दोन तास गेले. श्वासाला घरघर लागली, तेव्हा कुठे माझे पाय हलले. शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही परभणी गाठली. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "दोन तास कुठे होता?"

मुलगा वाचला. ती एक रात्र कशी गेली ते मी लिहीत नाही; ज्या आईबापांनी अशी रात्र काढली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी काढली नाही त्यांच्या वाट्याला ती न येवो.

पुढे त्या डॉक्टरांनी मला शांतपणे समजावले. तांबड्या विंचवाचे विष सगळ्या शरीराच्या नसा एकदम पेटवते. रक्तवाहिन्या आवळतात, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात. हृदयावर भार येतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते. डंखाच्या जागी दुखणे कमी आणि अंगाला घाम जास्त, ही बरे होण्याची नव्हे, धोक्याची खूण. म्हणजे आत्या ज्याला विष उतरणे समजत होती, ते विषाचे चढणे होते. रोगाची पहिली हाक तिने रोग गेल्याची वर्दी म्हणून ऐकली.

ही विद्या जगाला देण्यात ज्यांचा वाटा मोठा आहे, ते डॉ. हिंमतराव बावस्कर आमच्याच मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. महाडकडे सरकारी दवाखान्यात नोकरी करताना विंचू चावलेली मुले डोळ्यांदेखत मरताना त्यांनी पाहिली. त्यांनीही काय केले? ते रुग्णाच्या उशाशी बसले. पण बसून त्यांनी घाम, ओकारी, नाडी यांची नोंद ठेवली. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन नावाचे औषध या विषावर चालते, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरातले तीसच्या आसपास दगावत. या औषधाने ते प्रमाण एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्वस्तातली गोळी, पण ती वेळेवर पोटात जायला हवी. आम्ही वेळच दवडली होती.

आता माझ्या अपराधाकडे वळतो. दवाखान्यातून परतल्यावर मी आत्याला नाही नाही ते बोललो. "तू माझं पोर मारलं असतंस," असेही म्हणालो. ती एक शब्द बोलली नाही. त्या बोलण्याने मला फार हलके वाटले आणि तेच वाईट झाले. कारण खरी गोष्ट निराळी होती. मी मास्तर. वर्गात फळ्यावर 'वैज्ञानिक दृष्टिकोन' असे ठळक अक्षरांत लिहिणारा. दोन तास मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो आणि मला शंका येत होती. पण घरच्या वडीलधाऱ्या बाईला अडवायचे कसे, लोक काय म्हणतील, आणि मनाच्या तळाशी, न जाणो, गुण आला तर! तिच्याजवळ खोटी विद्या होती. माझ्याजवळ खरी होती आणि ती मी तोंडातून काढली नाही. दोघांत अधिक दोषी कोण, हे ठरवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेऊन निकाल आपल्या बाजूने दिला.

गावाने तर कमालच केली. आत्याचे चुकले असे कोणी म्हणाले नाही. "मंत्र उलटला," असे म्हणू लागले. अंधश्रद्धेचा हा एक चमत्कारिक गुण आहे: ती हरते तेव्हाही तीच जिंकते. ज्या हाताने विष उतरते त्या हाताने ते चढवताही येत असेल, अशी कुजबुज सुरू झाली. आमच्या मराठवाड्यात करणी आणि भानामती या शब्दांनी किती घरे भाजून निघाली आहेत, हे जुन्या माणसांना विचारावे. उपकार करणारी बाई आणि चेटकीण यांच्यामध्ये एका फसलेल्या रात्रीचे अंतर असते. चाळीस वर्षे जिचे दार लोकांनी वाजवले, तिच्या दारावरून बायका लेकरांना पदराखाली झाकून नेऊ लागल्या. तेव्हाही मी काही बोललो नाही.

आत्याने मंत्र सोडला. त्या दिवाळीला नाही, पुढच्याही नाही. अन्न तुटले, झोप गेली. ती माझ्या मुलाला हात लावीना. दरवर्षी नरकचतुर्दशीला पहाटे त्याला तेल लावून तीच ओवाळत असे. आता ती चुलीशी बसून राही. चार वर्षे अशी गेली. पाचव्या दिवाळीला मुलगा उटणे लावून पाटावर बसला आणि म्हणाला, "आजीनं ओवाळल्याबिगर मी उठणार नाही." पाणी निवून गेले. अखेर आत्या उठली. निरांजन धरलेला तिचा हात थरथरत होता, पण तिने ओवाळले. त्या दिवसापासून ती माणसांत येऊ लागली. वैद्याला जे जमले नाही ते पोराच्या हट्टाने केले. मीही त्या दिवशी वाकून तिच्या पाया पडलो. क्षमा हा शब्द तोंडातून निघाला नाही. आमच्या घरात तो शब्द वापरायची रीत नाही.

आणि मग २०२२ सालची दिवाळी आली. वाचकांना आठवत असेल, २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले आणि दुसऱ्या दिवशी अमावास्या असतानाच खंडग्रास सूर्यग्रहण लागले. सूर्य ग्रासलेलाच मावळला. अमावास्या दिवाळीची आणि तिच्यात ग्रहण! मंत्रवाल्यांना याहून मोठा योग कोणता? संध्याकाळी मी परसात गेलो, तर आत्या पश्चिमेकडे तोंड करून बसलेली. पुढे तोच पितळी तांब्या. ओठ हलत होते.

माझ्या अंगाची आग झाली. "आत्या, पुन्हा?"

तिने डोळे उघडले. म्हणाली, "सगळा आठवत नाही रे बाबा. मधलं काही गेलं. मेलाच म्हण ना तो. पण अकरा वर्सं झाली, रातच्याला कुणी दार वाजवलं नाही. मला त्याचीच झोप लागत नाही."

या एका वाक्याने मला विचारात टाकले. मी समजत होतो, तिला आपली शक्ती परत हवी आहे. तिला हवे होते ते दार. मंत्रातले शब्द खोटे होते यात मला आजही शंका नाही. पण मंत्राभोवतीचे नेम, पैसा न घेणे, हाकेला उठणे, वैऱ्याला नाही न म्हणणे, हे तर खरे होते. मंत्र सोडताना आम्ही तिच्याकडून तेही सोडवले होते. दाण्यात खडे निघाले म्हणून सूपच उकिरड्यावर ओतले होते.

त्या संध्याकाळी परसात बसूनच आमचे ठरले. कोणी आले तर आधी १०८ नंबरला फोन. डंखावर काही बांधायचे नाही, चोळायचे नाही, वेळ काढायचा नाही. आणि आईबापांना स्पष्ट सांगायचे की याने विष उतरत नाही. ती म्हणाली, "मग मी कशाला?" मी म्हणालो, "हात धरायला." ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आणि गाडी कोण बोलावील?" तेव्हा माझाही नेम ठरला.

पुढच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री दार वाजले. वेचणीला आलेल्या एका बाईची सहा-सात वर्षांची पोर. आत्याने पोरीला घेतले आणि आत ओरडली, "मास्तर, ऊठ!" घाम होता, ओकारी झाली होती. गाडीत आत्या पोरीला मांडीवर घेऊन बसली. तिचे ओठ हलत होते. आईने विचारले, "उतरलं का हो?" आत्या म्हणाली, "इख डाक्टर उतरवील माय. मी लेकराचं भेव उतरवते." पोरगी तिच्याकडे पाहत शांत राहिली. दवाखाना वेळेत गाठला. पोर बरी झाली.

इथे गोष्ट संपवली असती तर दिवाळीला शोभली असती. पण आठ दिवसांनी ती बाई खण-नारळ घेऊन आली, ती आमच्याकडे; दवाखान्यात नव्हे. आत्या म्हणाली, "हा त्या डाक्टराला दे." बाईने हात जोडले आणि जाताना शेजारणीला सांगितले, "लई कडक मंत्र आहे, म्हातारी सुपारीसुद्धा घेत नाही." पाहा कसे आहे! खोटेपणा टाळण्यासाठी नारळ नाकारला आणि नाकारल्याने मंत्राचीच किंमत वाढली.

माझे एक सहशिक्षक आहेत. ते म्हणतात, "तुम्ही विषाला साखर लावता. त्या बाईला गाडी आठवणार नाही, पुटपुटणे आठवेल. आणि पुढच्या वेळी तिच्या गावात आत्या नसेल, दुसरा भगत असेल, तो गाडी बोलावणार नाही." या बोलण्याला मी सहज उत्तर देऊ शकत नाही. आमच्या पलीकडे मानवत आहे. १९७२ ते १९७४ या काळात तिथे बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या आणि गुप्तधनासाठी बळी देण्याची गोष्ट पुढे आली. तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे अधिकारी आले. माझा जन्म त्यानंतरचा. तरी दिवेलागणीनंतर पोरींनी बाहेर थांबू नये म्हणून मानवतचे नाव घेतलेले मी ऐकले आहे. लिंबू-मिरचीपासून मानवतपर्यंतचा रस्ता एकच आहे, असे माझे सहशिक्षक म्हणतात.

मला वाटते, रस्ता एक असला तरी त्यावर एक वेस आहे. 'मी सांगतो म्हणून दुसरीकडे जाऊ नकोस' हे शब्द उच्चारले की माणूस ती वेस ओलांडतो. पलीकडे लोभ आहे, भय आहे आणि शेवटी रक्त आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी आयुष्यभर झटले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर जो त्याच वर्षी आला, त्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही नेमके हेच धरले आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रोखणे हा शब्द महत्त्वाचा. कायदा ओठ मोजत नाही. अडवलेला रस्ता मोजतो.

पण कायद्यात न सापडणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. म्हणून सहशिक्षकांची शंका मी आत्यापुढे ठेवली. मला वाटले ती रागावेल. ती म्हणाली, "खरं आहे त्याचं. मी काय करू ते सांग." मी म्हणालो, "शाळेत ये."

ती आली. साठ पोरांपुढे नऊवारी सावरून उभी राहिली आणि जे मी तिच्यासाठी कधीच म्हणू शकलो नसतो ते म्हणाली: "घाम आला म्हणजे इख उतरलं, असं मी समजत होते. ते चुकीचं होतं. माझ्या हातानं माझं पोर जाणार होतं." वर्गात चिटपाखरू हलले नाही. मग तिने पोरांकडून पाठ करून घेतले: घाम सुटला, ओकारी झाली, हातपाय गार पडले, की बसायचे नाही, गाडी बोलवायची. माझ्या फळ्यावरच्या ठळक अक्षरांनी इतक्या वर्षांत जे झाले नाही, ते त्या वीस मिनिटांत झाले. मी खरे सांगत होतो, पण त्यात माझे काही गेलेले नव्हते. तिचे गेले होते.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येतो. ज्या वाटेने आपल्या हातून एकदा घात झाला, जखम भरल्यावर त्या वाटेने पुन्हा जावे काय? माझे उत्तर असे: जावे, पण पूर्वीच्या उंचीवरून जाऊ नये, एक पायरी खाली उतरून जावे. शक्ती परत मागू नये, नेम परत घ्यावा. आपली चूक झोळीत लपवून नव्हे, हातात घेऊन, आल्यागेल्याला दाखवत जावे. आणि जो लांबून दोष देत उभा होता, त्याने गाडी बोलावण्याचे काम तरी अंगावर घ्यावे. खऱ्याला नेमाची जोड नसेल, तर ते फळ्यावरच राहते. आणि नेमाला खऱ्याची जोड नसेल, तर तो एखाद्या रात्री पोर घेऊन जातो.

आता दर दिवाळीच्या अमावास्येला आळीतली पोरे फुलबाज्या संपल्या की आमच्या ओट्यावर जमतात. आत्या विचारते, "घाम सुटला तर?" आणि पोरे एका सुरात उत्तर देतात. तिच्या मते यालाच मंत्र जागवणे म्हणायचे. मी हसतो. पोरे गेल्यावर ती तांब्या घेऊन परसात जाते आणि तिथे तिचे ओठ हलतात की नाही, हे मी पाहायला जात नाही. तेवढा अंधार तिचा तिला असू द्यावा. मी मात्र उशाशी फोन ठेवून झोपतो. दार कधी वाजेल याचा नेम नसतो.